औदुंबर : पाराच्या वर आणि पाराच्या खाली



श्रीगुरुचरित्राचे पारायण करणाऱ्याला तीन अध्याय झाडांमुळे लक्षात राहतात. अठराव्यात अमरापूरचा घेवड्याचा वेल आहे, एकोणिसाव्यात औदुंबराचे माहात्म्य आहे आणि चाळिसाव्यात औदुंबराचं वाळलेलं लाकूड आहे. (तेविसाव्यात ब्रह्मराक्षसाचा पिंपळही येतो, पण तो आजचा विषय नाही.) हे अध्याय आपण बहुधा फलश्रुतीसाठी वाचतो. कुणी आजारपणात वाचतो, कुणी अडचणीत. यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी मी ते वेगळ्या अंगाने वाचायला घेतले. या अध्यायांत झाडाची सेवा म्हणून नेमकं काय सांगितलं आहे, आणि आज कराडसारख्या गावात, पेठेतल्या पारावर, आपण सेवा म्हणून जे करतो त्यातलं झाडाला काय पोचतं, एवढाच प्रश्न. माझी सगळी नोकरी शेती खात्यात झाली, त्यामुळे झाड बघताना नजर आधी बुंध्याकडे आणि मातीकडे जाते. दर्शनाला गेलो तरी ही खोड सुटत नाही.

एकोणिसाव्या अध्यायातली कथा सर्वांना ठाऊक आहे. हिरण्यकश्यपूचं पोट नखांनी विदारल्यावर त्याच्या पोटातलं कालकूट भगवान नृसिंहांच्या नखांत भरलं आणि नखांचा दाह होऊ लागला. महालक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, नखे त्यात रोवली, तेव्हा तो दाह शमला. औदुंबराला कल्पवृक्षाचा मान आणि सदा फळत राहण्याचा वर मिळाला तो इथे. पुढे अमरापुराहून, म्हणजे आपल्या नरसोबाच्या वाडीहून, गाणगापुराकडे निघताना श्रीगुरूंनी योगिनींना दिलेलं आश्वासन आहे की, मी इथे औदुंबरापाशीच आहे. सद्गुरू देहाने पुढे गेले आणि त्या जागेची खूण म्हणून पादुका आणि झाड राहिलं. आपल्या संप्रदायात औदुंबर ही देवळाची शोभा नव्हे, तो ठाव आहे, ही गोष्ट इथे ठरते.

या कथेत झाडाचा जो गुण सांगितला आहे तो शीतलता. शेती खात्यातला माणूस म्हणून मला त्यात नवल वाटत नाही, कारण उंबर हे ओलाव्याचं झाड आहे. ओढ्याकाठी, नदीकाठी, विहिरीच्या कडेला ते आपोआप येतं. उंबर दिसला की खाली पाणी असणार हे आपले जुने लोक धरून चालत. दत्तस्थानं पाहा. औदुंबर क्षेत्र कृष्णेच्या काठी, पलीकडच्या तीरावर भिलवडीची भुवनेश्वरी. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर. आणि आपलं कराड? इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून प्रीतिसंगम. इथलं पाणी पूर्वेकडे वळून पुढे औदुंबराला आणि वाडीला जातं. वाडीच्या पादुकांना दक्षिणद्वारी जे पाणी लागतं त्यात आपल्या घाटावरून गेलेलं पाणी असतं. कराडच्या पेठांतून उंबर, पिंपळ, वड जुने का आहेत याचं उत्तर या दोन नद्यांत आहे.

आता थोडं फळाविषयी, कारण जुनं झाड आणि नवं रोप यांतला फरक तिथे कळतो. उंबराचं फूल म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. फार दिवसांनी भेटलेल्याला आपण ‘उंबराचं फूल झालात’ म्हणतो. प्रत्यक्षात ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटातच शेकडो बारीक फुलं असतात. फळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढं भोक असतं. त्यातून एक चिलटाएवढी गांधीलमाशीच्या जातीची माशी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. ती आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच संपते. तिची पिल्लं मोठी होऊन बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना दुसरं फळायला आलेलं उंबर गाठावं लागतं. उंबर फोडून केंबरं उडवू नयेत अशी म्हण आहे, पण ती केंबरं नसतील तर उंबराला बीच धरणार नाही. म्हणजे एका परिसरात अनेक मोठी झाडं असावी लागतात, त्यांतलं कोणतं ना कोणतं बाराही महिने फळत राहावं लागतं. तो सदा फळण्याचा वर एकट्यादुकट्या झाडाने पाळता येत नाही.

एक जुनं उंबर फळलं की हरियल, तांबट, कोकीळ, धनेश, रात्री वटवाघळं अशी पंगत बसते. हरियल हा आपल्या राज्याचा पक्षी. फळं बुंध्याला आणि जाड फांद्यांना घोसांनी लागतात, त्यामुळे बुंधा जेवढा जुना तेवढी पंगत मोठी. सहा फुटांच्या रोपाला ही पंगत वाढायला किती वर्षं लागतील याचा ज्याने त्याने विचार करावा.

चाळिसावा अध्याय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण गाणगापुराला येतो. लोक आपलं तोंड पाहात नाहीत, या दुःखाने तो पिचलेला आहे. त्याच वेळी कुणी औदुंबराचं वाळलेलं लाकूड घेऊन येतो. श्रीगुरू नरहरीला सांगतात, हे संगमावर नेऊन रोव आणि त्रिकाळ पाणी घाल, याला पालवी फुटेल तेव्हा तुझं पाप जाईल. तो घालू लागतो. लोक हसतात. वाळक्या लाकडाला कुठे पालवी फुटते का, उगाच कशाला कष्टतोस, असं समजावतात. तो ऐकत नाही. उपाशी राहून पाणी घालतच राहतो. शेवटी श्रीगुरू संगमावर येतात, कमंडलूतलं पाणी शिंपडतात आणि लाकडाला पालवी फुटते.

हल्ली अशा कथांना शास्त्रीय आधार शोधायची एक पद्धत पडली आहे. ‘उंबर-वडाची फांदी रोवली तर फुटतेच’ वगैरे. मला ती पसंत नाही. महाराजांची कृपा आहे ती कृपाच असू द्यावी. मला लक्ष द्यावंसं वाटतं ते नरहरीला दिलेल्या आज्ञेकडे. हार घाल असं सांगितलेलं नाही, दिवा लाव असं सांगितलेलं नाही. पाणी घाल, दिवसातून तीन वेळा, आणि मुळाशी. गुरुसेवेतली सर्वांत कठीण परीक्षा इथे इतक्या साध्या कामाची आहे की आपण ती सेवा म्हणून मोजतच नाही.

मग पारावर आपण काय करतो? आमच्या पेठेतल्या एका दत्तमंदिराचं उदाहरण घेतो. नाव देण्याचं कारण नाही, कारण कराडातल्या, साताऱ्यातल्या, सांगलीतल्या कुठल्याही पेठेत असंच चित्र दिसेल. पूर्वी झाडाभोवती दगडी पार होता, दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं. पुढे कुणी देणगीदाराने सिमेंट केलं. नंतर दुसऱ्या कुणी त्यावर फरशी घातली. तिसऱ्याने बुंध्याला टेकेपर्यंत ग्रॅनाइट बसवून वर स्टीलचा कठडा केला, आणि कठड्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी. प्रत्येकाचा भाव निर्मळ होता यात मला शंका नाही. पण प्रत्येक वेळी पार चार-सहा इंच वर चढला, आणि बुंधा जिथे मातीला मिळतो तो भाग आता हातभर खाली गाडला गेला आहे. त्या जागी साल सतत ओली राहते आणि कुजते.

बहुतेक लोकांना वाटतं की झाडाचं मूळ म्हणजे बुंध्याखाली सरळ उतरलेला खांब. तसं नसतं. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. वर फरशी, बाजूला काँक्रीटचा रस्ता, पलीकडे गटाराची पक्की भिंत, असं झालं की मुळांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, आणि हीच अडचण आहे. दोन-चार पावसाळे ते साठवलेल्या बळावर काढतं. मग शेंड्याच्या फांद्या वाळू लागतात, पानं लहान येतात, एका वादळात मोठी फांदी खाली येते. तेव्हा सगळे म्हणतात, ‘झाड जुनंच झालं होतं.’

बाकीच्या सेवेचंही तेच. बुंध्याला टेकवून लावलेली समई आणि कापूर साल भाजतात. भाजलेल्या सालीखालून अन्न वाहणारा थर मरतो, तो परत त्याच जागी येत नाही. उत्सवाच्या रोषणाईसाठी खिळे मारतात, वायर आवळून बांधतात. खोड जाडावतं, वायर आत रुतते. दूध, तूप, तेल, कुंकू फरशीवर साचून बुरशी आणि मुंग्या येतात, आणि यातलं मुळाला काहीच पोचत नाही. ज्याला फक्त पाणी हवं आहे त्याला आपण पाणी सोडून सर्व काही देतो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, खिळे, पाट्या आणि तारा उतरवा असा आदेश दिला होता. तो रस्त्याकडेच्या झाडांसाठी होता. आपल्या पारांना आदेशाची वाट बघायला लागू नये.

औदुंबराला कुऱ्हाड लावायला माणूस अजून भितो, ही आपली जमेची बाजू. पण त्यामुळे न तोडता मारायच्या रीती निघाल्या आहेत. बांधकामाच्या आड येणाऱ्या झाडाची बुंध्याभोवती साल काढायची, मुळाशी काहीबाही ओतायचं, पाया खणताना एका बाजूची मुळं उडवायची, आणि मग ‘आपोआप वाळलं’ म्हणून अर्ज द्यायचा. कुऱ्हाडीचं पाप नको म्हणून केलेली ही सोय. महाराजांना ती कळत नसेल असं मानायचं का?

दुसऱ्या टोकाची श्रद्धाही सांगितली पाहिजे. पाखरांच्या विष्ठेतून वाड्याच्या भिंतीत, देवळाच्या शिखरात उंबर उगवतं. देवाचं झाड म्हणून कुणी काढत नाही. दहा वर्षांत भिंत फुटते, मग तेच झाड ‘धोकादायक’ म्हणून जातं. माझं मत स्पष्ट आहे. बोटाएवढं असतानाच ते मुळासकट अलगद काढावं आणि नदीकाठी, शाळेच्या आवारात, मोकळ्या जागी लावावं. त्यात दोष नाही. एवढंसं असताना ते हलतं, मोठं झाल्यावर हलत नाही.

आता कायद्याकडे. शहरातल्या झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ पासून झाडांचं संरक्षण व जतन करणारा अधिनियम आहे आणि तो नगरपालिकांनाही लागू आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना या तरतुदी आहेत. झाड स्वतःच्या आवारात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज आला की त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यायची आणि झाडावरही लावायची असते, म्हणजे पेठेतल्या कुणालाही हरकत घेता येते. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष, बोलीत हेरिटेज ट्री, असा वेगळा दर्जा मिळाला. असं झाड तोडायची परवानगी दिलीच, तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची आणि ती सात वर्षं जगवायची अशी अट आली.

इथे मला अठरावा अध्याय आठवतो. पारावरच्या चर्चेत कुणीतरी हटकून म्हणतं, ‘अहो, महाराजांनी स्वतः घेवड्याचा वेल उपटला, मग झाडाचं एवढं काय घेऊन बसलात?’ वेल उपटला हे खरं. पण ज्या घरचा तो वेल होता त्या घराची गुजराण त्या शेंगांवर होती आणि घरची बाई रडली हे ग्रंथात लिहिलेलं आहे. वेलाचं मूळ काढायला नवऱ्याने खणलं तेव्हा द्रव्याचा कुंभ हाती लागला. म्हणजे ज्यांनी वेल उपटला त्यांनी आधीच त्याच्या खाली काय आहे ते पाहिलं होतं. आपण शंभर वर्षांचं झाड काढून शंभर रोपांचं आश्वासन देतो, तेव्हा खाली कुंभ आहे हे कुणी पाहिलेलं असतं? रोपं गावाबाहेर कुठल्या माळावर लागतात, पहिल्या उन्हाळ्यात त्यांना टँकर जातो की नाही, हे पेठेतला माणूस बघायला जात नाही. सावली पेठेतली गेलेली असते.

कायद्याचा उपयोग व्हायचा तर झाड पन्नास वर्षांचं आहे हे दाखवता आलं पाहिजे. उंबराच्या खोडात वर्षाची वलयं नीट उमटत नाहीत, आणि उमटली तरी ती मोजायला खोड कापायचं का? बुंध्याचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने मोजून ठेवावा, हे पहिलं काम. मोजण्याचं महत्त्व आपल्याच जिल्ह्यात दिसतं. जावळी तालुक्यातल्या म्हसव्याच्या वडाचा घेर १८८२ साली ली वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने मोजला, तो १५८७ फूट भरला. कुणीतरी टेप धरला म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या झाडाविषयी आकड्यानिशी बोलता येतं. दुसरा पुरावा कागदाचा : जुनी खरेदीखतं, सिटी सर्व्हेचे नकाशे, मंदिराच्या जमाखर्चाच्या वह्या, लग्नामुंजीचे फोटो. मुंजीच्या फोटोत मुलाच्या मागे बुंधा दिसतो आणि फोटोच्या पाठीवर तारीख असते. याहून सोपा पुरावा नाही.

तिसरा पुरावा माणसांचा, आणि आपल्या भागात त्यासाठी एक पक्की खूण आहे. कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष चालू होता, दत्तजयंती चार-पाच दिवसांवर आली होती, कित्येक घरांत गुरुचरित्राचा सप्ताह बसलेला होता. ज्यांनी तो भूकंप पाहिला त्यांना ते दिवस विसरता येत नाहीत. म्हणून मी वयस्कर मंडळींना झाडाचं वय विचारत नाही, भूकंपाचं विचारतो. आमच्या पेठेतल्या एक आजी, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या, मला म्हणाल्या, “अवो, तवाबी ह्यो असाच हुता की. घरात जायचं भ्या वाटायचं. आमी चार घरची मान्सं त्याच्याखालीच वाकळा टाकून पडायचो. पोथी बी तितंच पुरी केली, पारावर.” त्या एका वाक्याने झाडाचं वय पन्नासच्या पुढे गेलं. असे दोन-तीन जबाब तारखेसह लिहून, खाली सही-अंगठा घेऊन, घेराच्या मोजमापासह नगरपालिकेकडे द्यायचे आणि वृक्षगणनेत या झाडाची प्राचीन वृक्ष म्हणून नोंद करावी असा अर्ज करायचा. कागद लहान आहे, पण झाड संकटात येण्याआधी तो दप्तरी गेलेला असावा. संकट आल्यावर दिलेल्या कागदाला हरकत म्हणतात आणि आधी दिलेल्याला नोंद.

मोठ्या प्रमाणावर असं झाड वाचल्याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलंच आहे. मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ यल्लम्मा मंदिरापाशी सुमारे चारशे वर्षांचा समजला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या कामात तो जाणार होता. २०२० च्या जुलैत, कोरोनाच्या धास्तीतही, गावकरी आणि वृक्षप्रेमी झाडापाशी उभे राहिले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलून झाड वाचवण्याचं ठरलं. एका झाडासाठी महामार्ग बाजूला सरतो हे तोपर्यंत कुणाला खरं वाटलं नसतं. मात्र पुढे २०२२ च्या जूनमध्ये पावसात त्या वडाचा मोठा भाग कोसळला. ही दुसरी बातमी पहिलीएवढी कुणाच्या लक्षात राहिली नाही. मला ती दोन्ही एकत्र सांगावीशी वाटतात. आदेशाने कुऱ्हाड थांबते. त्यानंतर झाडाचा आधार, त्याच्या पारंब्या, मुळांभोवतीची माती यांच्याकडे रोज बघणारं माणूस लागतं. ते काम मंत्रालयातून होत नाही.

कराडला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत हे गाव देशात पहिलं आलं. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला घराघरांतली माणसं शिकली, ती पारावरची दोन फरश्या उचलायला शिकणार नाहीत का? पण झाडाचं काम कचऱ्यासारखं रोज दारात येत नाही, म्हणून मागे पडतं.

आमच्या मंदिरात हा विषय काढला तेव्हा ज्या हरकती आल्या त्या फेटाळण्याजोग्या नव्हत्या. फरशी काढली तर चिखल होईल, प्रदक्षिणा अनवाणी असते, वयस्कर बायका घसरतील. माती उघडी राहिली तर लोक तिथे निर्माल्य टाकतील. दिवा बुंध्यापाशी नाही लावायचा तर कुठे? यावर बसून जे ठरलं ते सांगतो, इतरांना उपयोगी पडेल. बुंध्याभोवती सव्वा मीटरची पट्टी मोकळी केली, वर चढलेलं सिमेंट हाताने, छिन्नीने काढलं. यंत्र लावू दिलं नाही, कारण यंत्राने सालही जाते. गाडलेला बुंधा मूळ मातीपर्यंत उघडा केला. त्याबाहेर प्रदक्षिणेची वाट जुन्याच घडीव दगडांची ठेवली, पण खाली सिमेंट न घालता वाळूवर, सांधे मोकळे ठेवून. पाणी मुरतं आणि पाय घसरत नाही. दिव्यासाठी सहा फुटांवर दगडी दीपमाळ उभी केली. पादुकांवरच्या अभिषेकात दूध-दही वेगळ्या भांड्यात धरायचं आणि शेवटचं शुद्धोदक तेवढं पन्हळीने मातीत सोडायचं. खिळे काढले, ते एक किलोच्या डब्यात मावले नाहीत. आणि उन्हाळ्याचे चार महिने पाणी घालायची पाळी सात घरांनी वाटून घेतली, वार लावून. गुरुवारच्या पाळीसाठी मात्र भांडण झालं, सगळ्यांना तोच वार हवा होता.

हे होऊन दोन पावसाळे गेले. शेंड्याच्या वाळलेल्या फांद्या परत हिरव्या झाल्या नाहीत, होणारही नाहीत. त्या वीज मंडळाच्या लोकांकडून कशाही न तोडता, फांदीच्या बगलेशी स्वच्छ काप घेऊन उतरवल्या. पण बुंध्यावर यंदा मार्गशीर्षाच्या आधीच घोस दिसले, गेल्या तीन-चार वर्षांत ते बुंध्यावर नव्हतेच, वरच्या फांद्यांवर तुरळक असायचे.

एक गोष्ट अजून उरली आहे. उत्सवाला गर्दी वाढली म्हणून सभामंडप मोठा करायचा आहे, देणगीही जमली आहे. अभियंत्याने आणलेल्या नकाशात पूर्वेकडचा एक कॉलम बुंध्यापासून चार फुटांवर येतो. त्याचा खड्डा सात फूट खोल. समितीतले एक ज्येष्ठ सभासद मला समजावतात, “साहेब, झाडाला हात कोण लावतंय? फांदी सुद्धा नाही तोडायची. फक्त कॉलम बाजूनं घ्यायचा.” मी त्यांना नकाशावर फांद्यांचा घेर पेन्सिलीने काढून दाखवला. त्या वर्तुळात एक नव्हे, तीन कॉलम येतात. मंडप पश्चिमेला बारा फूट सरकवला तर तिन्ही बाहेर जातात, मात्र तिथली चप्पलस्टँडची आणि पाण्याच्या टाकीची जागा हलवावी लागेल आणि खर्च वाढेल. अभियंत्याने दुसरा नकाशा करायला होकार दिला आहे. आजींचा जबाब, दोन मुंजींचे फोटो आणि घेराचा आकडा जोडून वृक्षनोंदीचा अर्ज नगरपालिकेत दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. समितीची बैठक पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सायंआरती झाल्यावर, पारावरच ठेवली आहे.